वहिनीच्या वाटणीचा चहा

कुडाळहून निघताना माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत कुळीथ, चवळी, हिरवे मूग. दुसरीच्या तळाशी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेला सुका बांगडा. वरून कढीपत्ता दाबला होता, तरी बसमधला शेजारी पहाटेपर्यंत नाक मुरडत होता. मुरडू दे मेला. माझा भाऊ लालबागला पायाला पट्टी बांधून बसला होता, मला ह्या शेजाऱ्याच्या नाकाची काय पडलीय!

भाई माझा थोरला भाऊ. सारी उमेद गिरणीत गेली. वहिनी वारली तेव्हा त्याने मासे सोडले. आपलं माणूस गेलं की त्याच्या नावाने आवडती वस्तू सोडायची आमच्यात रीत आहे. हुशार माणसं कारलं सोडतात आणि मोकळी होतात. हा मालवणी माणूस, ह्याने मासेच सोडले! त्याचा डायबेटीस जुनाच, पण आता उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. त्याची सून मयुरी फोनवर म्हणाली, "आत्या, साखर खाली नाही आली तर अंगठा कापावा लागेल म्हणतात." माझ्या मनाने घेतलं, मासे सोडले म्हणूनच हे झालं. त्याला खायला घालायचं आणि पाय वाचवायचा, एवढं ठरवून मी निघाले.

बसने लालबागला पुलाखाली सोडलं. मसाल्याच्या गल्लीत मिरच्या भाजायला सुरुवात झाली होती. शिंकत शिंकतच मी इमारतीपाशी पोचले. भाईची चाळ पाडून तिथे टॉवर झालाय. मी त्या नव्या घरी पहिल्यांदाच जात होते. लिफ्टने वर गेले. भाईने दार उघडलं. केवढा वाळला होता! धोतराच्या निऱ्या सावरत, टाच टेकत चालत होता.

"इलंस?" म्हणाला. मग पिशवीकडे बघून, "शाले, सुको बांगडो हा मां त्यात? उघडू नको. बाजूच्यांक दी."

मी खूप गयावया केली, मग भांडले. तो ढिम्म. शेवटी शेजारच्या राणेबाईंच्या घरी बांगडा भाजला आणि वास आमच्या दारापर्यंत आला. भाईने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याला तो वास किती प्रिय होता ते मला माहीत आहे, म्हणून फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मयुरी आणि मी त्याला घेऊन परळच्या हॉस्पिटलात गेलो. परळच्या फुटपाथवर अर्ध्या महाराष्ट्राचे आजार भेटतात. कुणी साताऱ्याचं, कुणी बीडचं, सगळ्यांच्या मांडीवर एक्स-रेची पाकिटं. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या नातीच्या वयाची. मी बसल्या बसल्या माशांचा विषय काढला.

"आजी, मासे नकोत तर नकोत," ती म्हणाली. "शाकाहारावर साखर छान ताब्यात राहते. पण आजोबा शाकाहार म्हणून खातात काय? भात, पेज, बटाटा, उपासाला साबुदाणा. भात मूठभर करा. डाळी, उसळी, पालेभाजी, दही, पनीर वाढवा. आणि साखर बंद. अगदी बंद."

"साखर घरात आणतच नाही हो," मयुरी म्हणाली.

"मग रिपोर्ट असे का येतात?" असं म्हणून डॉक्टरीण भाईकडे बघत राहिली. भाई पंख्याकडे.

तिथून मी एकटीच दादरच्या बाजारात गेले. मेथी, चवळईचा पाला, पडवळ, दुधी घेतला. भाजीवाली हसली. "मावशी, घरात शुगरवालं कोण हाय काय? बटाट्याकडं बघितलं पन नाय तुम्ही!" मी म्हटलं, "भाऊ आहे." तिने मेथीची एक जुडी जास्तीची पिशवीत टाकली. मेल्या पिशवीचा बंद दादरच्या पुलाखालीच तुटला आणि दुधी गडगडत टॅक्सीखाली गेला. टॅक्सीवाल्याने खाली उतरून काढून दिला, वर "आई, लागलं नाय ना कुठं?" विचारलं. मला एकदम रडूच आलं. दुधीसाठी नव्हे.

मग मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. कुळथाची पिठी (कुळीथ दळून केलेलं पातळ कालवण), मोड आलेल्या मुगाची उसळ, ताकातली मेथी. भाई मुकाट्याने खायचा. भाताचा घास लहान केला, एकदाही कुरकुरला नाही. मयुरी रोज सकाळी बोट टोचून बघायची आणि मान हलवायची. आकडा हलायचं नाव नाही. जखमेची कड काळपट व्हायला लागली होती. मला माझ्या उसळींचाच राग यायला लागला.

एका दुपारी चारच्या सुमाराला, मयुरी आणि तिचा नवरा कामाला गेलेले. मला डोळा लागला होता, कपबशांच्या आवाजाने जाग आली. उठून बघते तर भाई खिडकीशी बसलेला. समोर चहाचे दोन कप, पलीकडे रिकामी खुर्ची. आपला कप तो पीत होता. संपल्यावर जरा वेळ थांबला, मग दुसऱ्या कपावरची साय बोटाने सारून तोही प्यायला. मी कप हिसकावून तळाचा घोट चाखला. पाकच तो! वहिनीला असाच लागायचा, गिरगावातल्या तिच्या माहेरच्यासारखा, चमचा उभा राहील इतका गोड.

"साखर खंयसून हाडलंस?"

त्याने देवघराखालच्या खणाकडे बोट दाखवलं. नैवेद्याची साखर, ती तो स्वतःच वाण्याकडून मागवायचा. देवाच्या डब्याला सुनेने कधी हात लावला नव्हता.

"ही साखर तुझो पाय खातली, कळता तुका?" मी ओरडलेच.

"कळता गो." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पण तिचो च्या टाकूचो कसो?"

मी कप खाली ठेवला. म्हणजे वहिनी गेल्यापासून रोज चार वाजता हा तिला चहा देत होता, आणि ती पीत नाही म्हणून तिच्या वाटणीचा आपण पीत होता. मासे सोडणं त्याला जमलं. हे कसं सोडायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार?

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी त्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि वहिनीचा कप मीच प्यायले. मग रोजच. भाई फक्त कप माझ्याकडे सरकवायचा. चौथ्या की पाचव्या सकाळी मयुरी मीटर घेऊन धावत आली. आकडा उतरायला लागला होता.

पण मला घर होतं, गुरं होती. निघताना मी भाईच्या पाया पडले, पट्टीला धक्का न लावता. "च्याचा काय करशीत?" मी विचारलं. "बघूया," म्हणाला. बस पनवेल ओलांडेपर्यंत मला तेच ऐकू येत होतं.

पुढे मयुरीचा फोन आला. जखम सुकतेय, अंगठा वाचला, डॉक्टरीण खूश आहे. मी देवापुढे नारळ फोडला. आणि चारच्या सुमाराला भाईला फोन लावला.

"च्या झालो?"

"झालो. एकच कप." मग म्हणाला, "तिका सांगितलंय, आता येव नको."

मी बरं म्हटलं.  पाय वाचवायला गेले होते, तो वाचला. मग मी पडवीत बसून एवढी का रडले, ते शेजारणीलाही सांगता येईना.

मग उठले. चुलीवर आधण ठेवलं, दोन कपांचं. एकात सढळ हाताने साखर घातली आणि तो पडवीत, रिकाम्या पाटापुढे ठेवला.

"ये गो वयनी," म्हटलं. "हय बस."