प्रॉक्सीतलं गाऱ्हाणं

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. असणार तरी कसा? महाडात चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत माझा एडिटिंगचा स्टुडिओ आहे. लग्नाच्या व्हिडिओत वारलेल्या आजोबांना ढगातून अक्षता टाकायला लावणारा माणूस तो मीच. भुतं आमच्याकडे ऑर्डरप्रमाणे बनतात! त्यामुळे या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव वाचून मी नेहमी हसायचो... आता हसत नाही.

मागच्या वर्षीच्या शिमग्याची गोष्ट. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी आहे. नाव देत नाही, तिथलेही लोक मोबाइलवर वाचतात. देवीची पालखी एकदा नीट शूट करावी म्हणून मी मुंबईहून सिनेमा कॅमेरा भाड्याने आणला होता. पालखी प्रत्येक अंगणात थांबते आणि आमचे मानकरी तात्या गाऱ्हाणं घालतात. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन "सांभाळ आई" म्हणायचं. मुंबईला असलेल्यांचं नाव तर आवर्जून घ्यायचं, कारण ती डोळ्याआडची माणसं. आणि प्रत्येक नावाला सगळ्या वाडीने ओरडायचं — "व्हय म्हाराजा!"

माझ्या इंदूआत्याच्या अंगणातही पालखी थांबली. तिचा एकुलता एक महेश तेव्हा मुंबईत ड्युटीवर होता, रजा मिळाली नव्हती. नंतर पावसाळ्यात तो गावी येताना मोटरसायकलसकट घाटात दरीत कोसळून गेला.

तेव्हापासून आत्याने एकच धरलं — तात्यांनी त्या दिवशी महेशचं नाव घेतलंच नाही. तात्या देवीची शपथ घेऊन सांगत, घेतलं. वाडीत कुणालाच धड आठवेना. एवढी नावं, त्यात ढोल-सनईच्या खालूबाजाचा दणका... मी तर कॅमेऱ्यामागे होतो, सगळं लक्ष फोकसवर. आत्याने तात्यांच्या घरचं पाणी सोडलं, देवीपुढचा दिवा लावणं बंद केलं. मग तिला कुणीतरी सुचवलं की भाच्याकडे सगळं रेकॉर्ड असेल. तिचा फोन आला.

"तुझ्याकडं हाय ना रे सगळं? मी येते. तेवढंच ऐकव मला. नाव घेतलं का नाय."

ती यायच्या आधी मी क्लिप शोधायला बसलो. इथे थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. त्या कॅमेऱ्याचं मूळ फुटेज इतकं जड असतं की माझा कॉम्प्युटर धापा टाकतो. म्हणून सॉफ्टवेअर त्याची एक हलकी नक्कल काढून देतं, तिला आम्ही प्रॉक्सी म्हणतो. काम प्रॉक्सीवर करायचं आणि शेवटी एक बटण दाबून मूळ फुटेजवर जायचं. चित्र तेच, आवाज तोच, फक्त जास्त स्वच्छ. जे मुळात नाही ते नकलेत येणार कुठून?

प्रॉक्सीत तात्या स्पष्ट म्हणत होते, "मुंबैला आसलेला म्हेश, त्याला सांभाळ आई..." आणि मागोमाग "व्हय म्हाराजा". माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आत्याला मोठ्या टीव्हीवर छान दाखवू. बटण दाबून मूळ क्लिप लावली.

तिथे तात्या गप्प होते.

हातात नारळ, तोंड बंद. आधी आत्याचं नाव, मग तेवढाच वेळ शांतता, मग थेट आत्याच्या पुतण्याचं नाव. अंगणातून पळणारी कोंबडी दोन्हीकडे त्याच क्षणाला पळत होती. वाटलं, कॉपी करताना घोळ झाला असेल. दुसऱ्या ड्राइव्हवरचा बॅकअप लावला, तिथेही गप्प. मूळ फाइलवरून नवी प्रॉक्सी काढली, तीही गप्प. फाइल बदललेली नाही हे सॉफ्टवेअरने तपासून सांगितलं. नाव होतं ते फक्त त्या पहिल्या, जुन्या प्रॉक्सीत. भर दुपार होती, खाली वडापावच्या गाडीवर गर्दी होती, आणि मी उठून स्टुडिओतले सगळे दिवे लावले.

आत्या एसटीने आली. मी ठरवलं होतं, जुनी प्रॉक्सीच दाखवायची. तात्यांवर बोल नको आणि हिलाही झोप लागेल. खरं-खोटं मग माझं मी बघेन.

तिने पदर तोंडावर धरून ऐकलं. नाव आलं तशी ती रडायला लागली. "घेतलं रे... घेतलं व्हतं. आन् मी म्हाताऱ्याला काय काय बोलले!" मग ती म्हणाली, "परत लाव." परत लावलं. तिने पदर खाली घेतला.

"ह्यो 'व्हय' म्हणतोय तो कोण?"

"सगळेच म्हणतायत, आत्या."

"नाय. बघ नीट."

बघितलं. बाकी प्रत्येक नावाला सगळी वाडी तोंड उघडून ओरडत होती. महेशच्या नावाला एकाचेही ओठ हलले नव्हते. आवाज एकच होता, अगदी कॅमेऱ्याजवळून आलेला. मला इतका वेळ तो सगळ्यांचा वाटत होता.

"म्हेश हाय त्यो," आत्या म्हणाली. "माझ्या पोराचा आवाज मला नाय कळणार?"

त्या दिवशी महेश मुंबईत होता, जिवंत होता. हे मी तिला काय सांगणार!

तिने पडद्यावर स्वतःवरच बोट ठेवलं. "कुणीच नाय म्हटलं रे त्याच्यासाठी. ही बघ मी उभी हाय, ओटीचं ताट घेऊन. माझं पण त्वांड मिटलेलं. त्याचं त्यालाच म्हणावं लागलं."

मी क्लिप पेनड्राइव्हवर देऊ केली, तिने घेतली नाही. तिला स्टँडपर्यंत सोडून आलो.

मुंबईतल्या एका साउंडवाल्या मित्राला दोन्ही फाइली पाठवल्या. म्हणाला, प्रॉक्सी करप्ट आहे. मी विचारलं, करप्ट फाइल माणसाचं नाव घेते का रे? त्याने विषय बदलला. मूळ क्लिपबद्दल मी वाडीत कुणालाच सांगितलेलं नाही.

यंदाच्या शिमग्याला आत्या पालखीमागून घरोघर फिरली. दुसऱ्यांच्या मुंबईतल्या पोरांच्या एकेका नावाला ती सगळ्यांच्या वर ओरडत होती, "व्हय म्हाराजा!" घसा पार बसला. तिच्या अंगणात पालखी आली. तात्यांनी नारळ घेतला आणि तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर तिने त्यांचा हात धरला.

"माझं ऱ्हाऊ दे, तात्या," ती म्हणाली. "म्होरल्या घरी चला."