बेचाळीस बांध

डोझर चालवणारे पुष्कळ असतात, पण नुसती नजर फिरवून पाणी कुठून कुठं जाईल ते सांगणारा एखादाच. तो त्यातला होता. इंजिनिअर पाणसळ लावून दुपारपर्यंत जे मोजत बसायचे, ते हा सकाळी उभ्या उभ्या सांगून मोकळा व्हायचा. त्याचं पातं ज्या रानावरून फिरलं तिथं ढेकूळ शोधून सापडायचं नाही. म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं इस्त्रीवाला. पुढं पुढं बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "जगाला इस्त्री करा, आणि स्वतःचा सदरा हा असा!"

गावाच्या वरच्या अंगाला मोठा उतार होता. त्यावर लहान लहान तुकडे, दर तुकड्याला बांध, बांधावर झुडपं, गवत, दगडांत घोरपडी. मोठ्या शेतीची कंपनी आली आणि तिनं तो सगळा उतार दहा वर्षांच्या करारानं घेतला. तिची यंत्रं दोन खोल्यांएवढी रुंद. त्यांना वळायला जागा हवी, मध्ये काही आडवं नको. साहेबांनी नकाशा बॉनेटवर पसरला आणि पेन्सिलीनं बेचाळीस रेघा मारल्या.

"एवढं काढायचं. आणि हे तळं बुजवायचं. किती दिवस?"

"तीन आठवडे," इस्त्रीवाला म्हणाला. नकाशा बघतानाच त्याच्या नजरेला दुसरंही काही दिसलं होतं. ते तो बोलला नाही.

पहिला बांध मोडला तो दोन सख्ख्या भावांचा. त्या बांधावरून वीतभर जागेसाठी ते तीस वर्षं भांडत होते. एकमेकांच्या मुलांच्या लग्नालाही गेले नव्हते. त्या दिवशी दोघं एकाच दगडावर बसून बघत होते. झुडपं मुळासकट उपटली गेली, दगड ढकलून खाली गेले, तासाभरात बांध होता की नव्हता असं झालं. थोरला म्हणाला, "चला, भांडणाचं मूळच गेलं." धाकट्यानं त्याला आपल्या थर्मासातला चहा दिला. इस्त्रीवाल्याला त्या दिवशी फार बरं वाटलं. आपण पुण्याचंच काम करतोय, असं त्यानं घरी सांगितलं.

उताराच्या तळाशी शेवटचं शेत त्याच्या थोरल्या बहिणीचं. आई लवकर गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं होतं. तिचं शेत बघणाऱ्याला अव्यवस्थित वाटायचं. मक्यात शेंगांचे वेल, कडेला भाजी, बांधावर वाळ्याच्या गवताची ठोंबं, कापणीनंतर रान उघडं ठेवायचं नाही म्हणून त्यावर पालापाचोळा पसरलेला. फवारा तिनं कधी हातात धरला नव्हता. पीक कमी यायचं, पण दरवर्षी यायचं. आणि तिच्या विहिरीचं पाणी अर्धी आळी प्यायची.

तिनं जमीन द्यायला नकार दिला, तेव्हा साहेबांनी इस्त्रीवाल्यालाच पाठवलं. ती ओट्यावर शेंगा सोलत बसली होती.

"ताई, सगळ्यांनी सह्या केल्या. तू एकटीच अडून बसलीयेस."

"मी कुणाला अडवलंय? त्यांनी त्यांचं करावं, मी माझं करते." तिनं शेंगा टोपलीत टाकल्या. "मला एवढं सांग, तळं बुजवलंस, बांध काढलेस, मग वरचं पाणी थांबणार कुठं?"

"त्यांचे इंजिनिअर आहेत ना. त्यांनी विचार केला असेल."

"इंजिनिअर पावसाळ्यात इथं राहायला येणार आहे का?"

तो हसला. ती हसली नाही.

"त्याचं सोड. लहानपणापासून पाणी तुझ्या नजरेला दिसतं. तुला काय दिसतंय ते बोल."

इस्त्रीवाल्यानं समोरची एक शेंग उचलली, सोलली आणि दाणे तिच्या टोपलीत टाकले. मग म्हणाला, "मी नाही केलं तर दुसरा कुणी करेल, ताई."

"करू दे की दुसऱ्याला," ती म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं तळं बुजवलं.

पहिली दोन वर्षं असं पीक आलं की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. नजर पोचेल तिथपर्यंत एकच मका, एकाच उंचीचा, जणू कातरून ठेवलेला. सकाळी ड्रोन यायचे आणि पांढरा फवारा सोडून जायचे. गाड्या भरभरून खत यायचं. कंपनीनं दिनदर्शिका छापली, तिच्यात एका महिन्यावर डोझरला टेकून उभा असलेला इस्त्रीवाला. त्यानं ती स्वयंपाकघरात लावली. बायकोनं ती काढून बाहेरच्या खोलीत लावली. "वन्सं इथंच येऊन बसतात," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या वर्षी पेरणी होऊन आठवडा झाला होता. भर दुपारी पाऊस कोसळला, दोनच तास. पण उतारावर त्याला अडवायला काडी नव्हती. पाण्यानं ताजी नांगरलेली माती, तिच्यातलं खत आणि फवारा, सगळं उचललं आणि खाली आणलं. ताईच्या बांधावरच्या गवतानं जमेल तेवढं धरलं. मग एका कोपऱ्यात बांध फुटला.

इस्त्रीवाला पोचला तेव्हा तिच्या शेतात चार बोटं गाळ होता. वेलांचे शेंडे तेवढे वर दिसत होते. विहिरीत पिवळट फेस, त्यात बेडकं पोटं वर करून. ताई काठावर उभी होती, साडीचा ओचा चिखलानं जड झालेला.

"मी मशीन आणतो," तो म्हणाला.

"मशीन बाहेर ठेव. फावडं आण."

सहा दिवस दोघं गाळ उपसत होती. ती त्याला दोर ओढ म्हणायची, बादली धर म्हणायची, त्यापलीकडे शब्द नाही. सातव्या दिवशी पाण्याचा नमुना तपासायला दिला. तपासणीवाल्या बाईंनी कागदावरून नजर न उचलता सांगितलं, "हे पिऊ नका. तान्ह्या मुलांना तर अजिबात नको. खताचा अंश फार आहे."

"किती दिवस?" ताईनं विचारलं.

"दिवस नाही हो, वर्षं म्हणा. वरून येणं थांबलं तर."

तेव्हापासून ती साठीची बाई सडकेवरच्या नळावरून दोन हंडे आणू लागली. इस्त्रीवाल्यानं एकदा तिच्या कडेवरचा हंडा घ्यायला हात पुढं केला. तिनं हंडा दुसऱ्या कडेवर घेतला आणि चालत राहिली.

कंपनीकडे तो गेला. निदान वरच्या अंगाला दोन-चार बांध घाला, म्हणाला. साहेब म्हणाले, "अरे, तूच तर काढलेस!" आणि खोलीतले सगळे हसले. हसण्यासारखं होतंच ते.

पाचव्या वर्षापर्यंत उताराची माती फिकी पडली. वरची काळी गेली होती, खालची कडक लागली, पाय आपटला तर ठण्ण वाजे. खत दुप्पट झालं आणि पीक निम्मं. सहाव्या वर्षी कंपनीनं कराराचं कुठलंसं कलम दाखवलं आणि गाशा गुंडाळला. साहेब जाताना म्हणाले, "पलीकडच्या खोऱ्यात चल. तिकडे नुसते बांधच बांध आहेत. तुझी चांदी आहे."

तो गेला नाही. डोझर कंपनीचा होता, तो गेला.

जमिनी परत मिळाल्या, पण कुणाची कुठं संपते तेच कळेना. हद्दीचे दगडही त्यानंच ढकलले होते. दोघा भावांचं भांडण पुन्हा सुरू झालं, या वेळी वीतभराचं नाही, अख्ख्या पट्टीचं. शेवटी लोक इस्त्रीवाल्यालाच धरून न्यायचे, "तूच दाखव." आणि त्याला आठवायचं. बेचाळीसच्या बेचाळीस. कुठल्या बांधावर कुठलं झाड होतं तेसुद्धा.

त्यानं फावड्यानं बांध घालायला घेतले, उतार आडवा कापत. पहिल्या वर्षी घातलेले सगळे वाहून गेले. मेलेली माती, कितीही चोपली तरी धरेना. मुळं हवी होती, आणि मुळं असलेलं गवत गावात एकाच शेतात उरलं होतं.

ताईनं वाळ्याची ठोंबं वाटायला काढली, तेव्हा अख्खं गाव तिच्या दारात आलं. रान उघडं ठेवू नका, मक्याशेजारी शेंगा लावा, पहिली दोन वर्षं पिकाची आशा धरू नका, असं ती प्रत्येकाला बसवून सांगत होती. ज्याला त्याला चहा देत होती. इस्त्रीवाला रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तिनं इतरांइतकीच ठोंबं मोजून त्याच्या पोत्यात टाकली आणि मागच्या माणसाकडे वळली.

चार वर्षांत नऊ बांध उभे राहिले. त्याचा उजवा खांदा कामातून गेला. नव्या बांधांच्या वरच्या बाजूला माती जरा काळसर दिसू लागली, मुठीत घेतली तर भुगा न होता गोळा व्हायची. पुष्कळांना मात्र चार वर्षं थांबणं जमलं नव्हतं. दुसरी कंपनी आली तेव्हा दोघा भावांतल्या धाकट्यानं पहिली सही केली. इस्त्रीवाला त्याच्या घरी जाऊन बसला, सगळं सांगितलं.

"तुझं पटतंय रे," धाकटा म्हणाला. "पण हे सांगायला तू यावंस?"

इस्त्रीवाला पायात चपला घालून बाहेर पडला.

पुढच्या आठवड्यात नवा डोझर आला. वर बसलेला माणूस परका होता, आणि काम अगदीच ओबडधोबड करत होता. धाकट्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या जमिनीतले तीन बांध त्यानं एका सकाळीत काढले. इस्त्रीवाला कडेला उभा राहून शेवटपर्यंत बघत होता. मग तो तसाच खाली ताईकडे आला आणि ओट्याच्या पायरीवर बसला.

"तीन गेले, ताई."

ती गाळलेलं पाणी हंड्यात ओतत होती. पुरतं ओतून झाल्यावर म्हणाली, "तेव्हा बोलला असतास तर मी तुला कधीच काही म्हटलं नसतं. केलं असतंस तरी. पण तुला दिसत होतं."

"दिसत होतं," तो म्हणाला.

कितीतरी वर्षांत त्यांच्यात एवढं बोलणं झालं नव्हतं. त्याला वाटलं, ती आता जवळ येईल, निदान खाली बसेल.

"सहा राहिलेत ना?" तिनं विचारलं.

"राहिलेत."

"मग इथं काय करतोयस?"

तो उठला. दुपार टळून गेली होती, वर डोझरची घरघर अजून चालू होती. सर्वांत खालच्या बांधावर, डोझर वर गेला त्या वाटेत, दोन ठिकाणी ठोंबं उपटून पडली होती, मुळं वाळायला लागली होती. त्यानं डाव्या हातानं खड्डा घेतला.