०९५५ ची नोंद

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, चौकशीला आलेल्या साहेबांनाही नाही. भवानीनगरच्या बाजूला आम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी शाळा चालवत होतो. तिथल्या नोंदवहीत माझ्या अक्षरात एक ओळ आहे: "०९५५. निरोप पोचवला." ती ओळ खोटी आहे. लान्स नाईक सोपान साळवे याला तो निरोप मी पोचवला नव्हता.

मी सिग्नलचा माणूस. सतरा वर्षं ऑपरेटर होतो, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आमच्या कामात निरोप आला की आधी वेळ लिहायची, मग निरोप, मग तो कुणाला दिला आणि किती वाजता. उत्तरेकडच्या एका पोस्टवर मी नवा असताना एक निरोप वीस मिनिटं माझ्यापाशी राहिला. बोटं गारठली होती, लिहिता येत नव्हतं. मेजरसाहेबांनी मला अटेन्शनमध्ये उभं केलं.

"मेसेज तेरा है क्या?"

"नो सर."

"तो तेरे पास क्यों पड़ा है?"

शिक्षा दिली नाही. एवढंच विचारलं. त्यानंतर नोकरीभर माझ्याकडे एकही निरोप अडला नाही.

अडतिसाव्या वर्षी सांगवीला घरी आलो. शेती भाऊ बघत होता. त्याच्या कामात मी लुडबुड करत होतो आणि तो सोसत होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इंदापूर तालुक्यातल्या एका मंडळाने ही शाळा काढली आणि मंडळाचे सचिव आबा यांनी मला बोलावून घेतलं. शिस्तीचा माणूस पाहिजे म्हणाले. मला बरं वाटलं.

शाळा म्हणजे तीन बाजूंना पत्रे आणि एका बाजूला गोणपाट. दिवाळी झाली की बीड, नगर, जालन्याकडून टोळ्या यायच्या. त्यांच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, कालव्याच्या पलीकडे होत्या, शाळा अलीकडे. आईबाप उजाडायच्या आत फडात जायचे. सात वर्षांची पोरगी कोपी सांभाळायची, पाणी भरायची आणि धाकटं भावंड कडेवर घेऊन हिंडायची. या मुलांना वर्षातले सहा महिने कुठलीच शाळा नव्हती. गावाकडच्या शाळेत नाव असायचं, पण मूल उसात असायचं.

कामाची वाटणी अशी होती. हजेरी, पाटी-पेन्सिल, मुळाक्षरं आणि दुपारची खिचडी माझ्याकडे. पलीकडून मुलं गोळा करून आणायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं काम सोपानकडे. सोपान काटेवाडीचा, बौद्ध कुटुंबातला. पायदळात होता. डाव्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा राहिलेला, त्यामुळे पाय पुरता वाकायचा नाही. माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली. मला कायम "हवालदारसाहेब" म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. त्याचाच मला जास्त राग यायचा.

मुलं त्याला "फौजी" म्हणायची. मला म्हणायची "हजेरीबाबा".

एकदा मी कोप्यांवर गेलो होतो. कौशी नावाच्या मुलीची आई चूल सारवत होती. मी सहज बोलल्यासारखं म्हणालो, "बाई, मी पण फौजीच हाय बरं का."

"असाल की," ती म्हणाली. "पर तुमी हजेरी घेता न्हवं?" आणि शेजारणीकडे बघून, "बंदूक धरली व्हती का कदी, का नुस्ती वहीच?"

दोघी हसल्या. मीही हसलो. घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर चालत आलं.

आमची रोजची एक तक्रार होती. माझ्या हजेरीपटावर सहा वर्षांच्या वरचीच मुलं. कडेवरची पोरं मी मोजत नव्हतो. त्यांना शाळेत आणू नये असंच माझं मत होतं, ती रडतात आणि वर्ग बिघडतो. सोपान म्हणायचा, "साहेब, कौशी यायची असंल तर सोनी बी येणार. दीड वर्साचं पोर कुठं ठिवील ती?" तो सोनीला गिनतीत धरायचा. त्यामुळे पलीकडच्या मुलांचा आमचा आकडा कधीच जुळत नसे. "तुमचे तेरा, माझे चौदा," असं म्हणून तो हसायचा आणि सोनीला माझ्या टेबलाखाली गोणपाटावर झोपवायचा.

कौशी आठ वर्षांची. हुशार. तिला मी महिनाभर अक्षरं गिरवून दिली. 'फ' तिला जमत नव्हता, पोट उलटीकडे काढायची. मी तिचा हात धरून तो घटवून घेतला. एका सकाळी तिने पाटीवर पहिला सबंध शब्द लिहिला. मी टेबलाशी बसलो होतो. ती माझ्या समोरून पळत गेली आणि पाटी सोपानला दाखवली. शब्द होता, 'फौजी'.

सोपानने पाटी माझ्याकडे आणली. म्हणाला, "साहेब, ह्यो तुमचा फ." मी म्हणालो, वेलांटी वाकडी आहे. आणि ती पुसली.

माघ संपत आला तेव्हा शिक्षण खात्याचे साहेब येणार असं कळलं. दुपारी बारा वाजता. तीस मुलं हजर दिसली तर आमच्या शाळेचा दाखला गावाकडच्या शाळेत चालेल आणि मुलं पुढच्या वर्गात बसतील, असं ठरलं होतं. सतरा मुलं अलीकडच्या वस्तीवरची होती, ती माझी मीच बोलावली होती. पलीकडची तेरा सोपान आणणार होता. कालवा पंधरा दिवस बंद होता. तळाला डबकी तेवढी उरली होती. पूल दीड कोस लांब, म्हणून मुलं रोज कोरड्या कालव्यातूनच यायची.

०९३० ला आबा येऊन गेले. पाहुण्यांना हार सोपानने घालायचा असं त्यांनी सांगितलं. म्हणाले, "पोरं त्याच्याभोवती असत्यात, बरं दिसंल." आठवडाभर पत्रे धुण्यापासून तक्ते रंगवण्यापर्यंत सगळं मी केलं होतं. मी "बरं" म्हणालो.

०९४० ला पाटकरी किसनतात्या सायकलवर आला. कालव्याचं पाणी कुणाला कधी द्यायचं ते बघणारा माणूस. पाय टेकवूनच बोलला.

"पान्याची पाळी आजच सुटली. साडेधापतुर पानी हितं. कालव्यातनं कुनी येऊ देऊ नका. सोपानरावास्नी सांगा, पुलावनं आना म्हनावं."

"सांगतो," मी म्हणालो.

तो पुढच्या वस्तीकडे गेला. मी वही काढली. "०९४०. निरोप मिळाला." पुलावरून मोपेडवर बारा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणून खाली लगेच लिहून टाकलं, "०९५५. निरोप पोचवला." काम व्हायच्या आधी नोंद मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच केली. लिहिलं तेव्हा जायचंच होतं. मोपेड सुरू केली. हार टेबलावर ओल्या फडक्यात ठेवला होता, तो दिसला.

मी मोपेड बंद केली.

माझा हिशेब असा होता. सोपान पोरं घेऊन कालव्यापाशी येईल, पाणी बघेल आणि पुलावरून वळसा घालेल. साडेबारा होतील. बाराला साहेब येतील तेव्हा मी हजर असेन, माझी सतरा मुलं रांगेत असतील आणि हार माझ्या हातात असेल. मला त्याचा उशीर हवा होता. त्याहून जास्त काही मी मनात आणलं नव्हतं. पण बारा मिनिटांच्या वाटेवर जायचं सोडून मी खुर्च्या सरळ करत राहिलो, हे खरं आहे.

१०३५ ला ओरडा ऐकू आला. कालवा तीनशे पावलांवर. मी पळालो.

सोपान मुलांसह तळात उतरला तेव्हा कालवा कोरडा होता. मध्यावर आले आणि पाणी आलं. आधी घोट्याला, मग बघता बघता मुलांच्या कमरेला. आमच्या बाजूचा काठ उभा आणि निसरडा होता. सोपान एकेकाला उचलून वर ढकलत होता. मी पालथा पडून हात धरत होतो, ओढत होतो. कौशी दोन लहान मुलांचे हात धरून शेवटी आली.

पाणी सोपानच्या मांडीच्या वर होतं. त्याने खालूनच विचारलं, "साहेब, गिनती?"

मी मोजली. "तेरा. पूर्ण."

"चौदा पायजेत."

त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, की आता हा परत माझी गिनती दुरुस्त करतोय. हे मी लपवणार नाही.

कौशी पलीकडे बोट दाखवत होती. पाणी आलं तेव्हा ती रांगेच्या शेवटी, पलीकडच्या काठाशीच होती; दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने सोनीला पलीकडच्या काठाच्या कपडे धुवायच्या पायरीवर बसवलं होतं. पायरीला पाणी लागलं होतं.

माझे दोन्ही गुडघे धड होते. थांब, मी जातो, असं मी म्हणालो नाही. सोपान वळला आणि गेला.

परत येताना पाणी त्याच्या छातीला होतं. सोनीला त्याने डोक्याच्या वर धरलं होतं. मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो, एका हाताने काठावरच्या बाभळीचं मूळ धरून. त्याने सोनी माझ्या हातात दिली.

"चौदा," तो म्हणाला.

मग त्याचा डावा पाय गेला. पाण्याने त्याला आडवा केला, टोपी एकीकडे आणि तो एकीकडे. माझ्या एका हातात पोर होती आणि दुसऱ्यात मूळ. १३२० ला खालच्या गेटच्या जाळीपाशी तो सापडला.

शिक्षण खात्याचे साहेब आले ते पंचनाम्यालाच आल्यासारखे आले. नोंदवही टेबलावर उघडीच होती. किसनतात्याने सांगितलं, निरोप दिला. माझ्या वहीत होतं, निरोप पोचवला. दोन्ही नोंदी जुळल्या. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की सोपान साळव्याला सांगितलं होतं आणि तरी त्याने पोरं पाण्यात घातली. आबा म्हणाले, "चांगला व्हता, पर ऐकलं न्हाय." मी वही मिटून ठेवली. सोनीला धरलं म्हणून लोक माझी पाठ थोपटत होते.

आठ दिवसांनी त्याची बायको सुलोचना, तो मुलं गोळा करताना वाजवायचा ती शिट्टी न्यायला शाळेत आली. नेसूचं पांढरं लुगडं, सोबत कुणी नाही. शिट्टी पदराला बांधली आणि मग विचारलं,

"भाऊ, तुमी सांगितलं तवा ह्ये काय म्हनलं?"

मी म्हणालो, "'बघतो' म्हणाला."

तिने मान हलवली. "तसंच बोलायचे," म्हणाली आणि निघून गेली. तो एक शब्द ती नवऱ्याचा म्हणून घरी घेऊन गेली. तो त्याचा नव्हता.

मला वाटलं होतं, तो गेला की माझ्या मनातलंही जाईल. तसं झालं नाही. पुढच्या हंगामात नवी मुलं आली, त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं, तरी मुलं 'फौजी'च्या गोष्टी सांगायची. मला हजेरीबाबाच म्हणायची. मेलेल्या माणसाबद्दलची असूया जिवंत माणसाहून वाईट. तो चुकेल, म्हातारा होईल, अशी वाट बघायची सोयही राहत नाही.

या हंगामात कौशी परत आली. तेरा वर्षांची झाली आहे. आता आईच्या मागे मोळ्या बांधते. शाळेत बसत नाही. सोनीला घेऊन आली होती, नाव घालायला. सोनीने पटावर येण्याइतकी उंची धरली आहे. मी नाव लिहीत होतो, तेव्हा कौशी टेबलाशी उभी राहिली.

"हजेरीबाबा, लोक म्हनत्यात फौजीला ठावं व्हतं."

मी लिहीत राहिलो.

"ठावं असतं तर त्यानं आमाला कालव्यातनं आणलंच नसतं," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय."

तिने मला काही विचारलं नाही. सोनीला गोणपाटावर बसवलं आणि फडाकडे गेली. त्या दिवशी पहिल्यांदा माझी गिनती सोपानच्या गिनतीशी जुळली.

हे लिहून झालं की एक प्रत चौकशी केलेल्या कचेरीत देणार आहे आणि एक आबांकडे. पण कागद देणं सोपं आहे.

लान्स नाईक सोपान साळवे, काटेवाडी. त्याने चौदा मुलं काठाला लावली. पाणी येणार हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, मी सांगितलं नाही, आणि "बघतो" असं तो कधीही म्हणाला नाही. सुलोचनाबाईंच्या दारात उभं राहून हे त्यांना सांगायचं आहे. तो निरोप अजून माझ्यापाशी पडून आहे.