जास्तीची कातडी

"तिसऱ्या ताई, डोळे उघडा."

फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून बोलला. परभणीतल्या साड्यांच्या मोठ्या दुकानाच्या दारात आम्ही विकणाऱ्या पोरी रांगेत उभ्या होतो. सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाच्या साड्या. दुकानानेच दिलेल्या, संध्याकाळी घडी घालून परत करायच्या. लग्नसराईच्या जाहिरातीसाठी फोटो चालला होता.

तिसरी मी होते.

"उघडेच हायत," मी म्हणाले.

"मग अजून उघडा. जाग आल्यासारखे."

हशा झाला. माझ्या शेजारच्याही हसल्या. मग वहिनी पुढे आल्या. वहिनी म्हणजे मालकांची बायको. दुकानात सगळ्यांनी त्यांना वहिनीच म्हणायचं, आपण एक घर आहोत असं त्या सांगायच्या. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि अंगठ्याने माझी पापणी वर ढकलली. फोटोग्राफरकडे बघून म्हणाल्या, "बघा, एवढी कातडी जास्तीची आहे. नाहीतर चेहरा वाईट नाही पोरीचा." आणि मग मला, लाडाने, "तुमच्यात असतंच म्हणा. उन्हात डोळे बारीक करून मेंढरं बघायची सवय."

मला काहीच वाटलं नाही. राग नाही, लाज नाही. खांद्यावरचा पदर घसरत होता आणि हनुवटी धरलेली असल्यामुळे तो सावरता येत नव्हता, एवढंच आठवतं.

आमचं घर पेडगावला. घरी मेंढ्या आहेत. बाजारात गिऱ्हाईक मेंढीची पापणी उलटी करून बघतं. आतून लाल असली तर मेंढी धडधाकट. पांढरी पडली असली तर पोटात जंत. माझे वडील, आबाही मेंढी घेताना हेच करतात. मेंढीची मान कुणीतरी दोन्ही गुडघ्यांत आवळून धरलेली असते, त्यामुळे ती हलत नाही. लोकांना वाटतं, गरीब जनावर आहे. लहानपणी अशा पुष्कळ माना मी धरल्या आहेत. त्या दिवशी दुकानाच्या दारात मीही हलले नाही.

काही दिवसांनी वहिनींनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. मोबाइल पुढे केला. त्यावर माझाच फोटो होता, पण डोळे मोठे, टपोरे केलेले.

"बघ, अशी दिसशील. छोटंसं ऑपरेशन असतं. डॉक्टर आपल्या ओळखीचे आहेत. खर्चाचं तू बघूच नकोस."

"आन् नाही केलं तर?"

"जबरदस्ती थोडीच आहे? पण पुढचा काउंटर नवा होतोय. तिथे फ्रेश चेहरे लागतात. तू मग वर गोडाउनला बस."

पुढचा काउंटर माझा होता. तो मला कुणी दिला नव्हता. झरीच्या, देवगाव फाट्याच्या, आसपासच्या गावांतल्या बाया दुकानात आल्या की दारातच बुजायच्या, चपला काढू का म्हणून विचारायच्या. मी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलायचे. त्या बसायच्या, साड्या उलगडायला लावायच्या, भांडायच्या, घ्यायच्या. हळूहळू त्या मला हुडकत यायला लागल्या. गोडाउनमध्ये माणूस नसतो. खोकी असतात आणि एक पंखा.

मी वाचायला शिकले ती मामाच्या पत्रकांवर. मामा मोर्च्यांची पत्रकं वाटायचा, उरलेले गठ्ठे आमच्या घरी टाकायचा. त्यात भूक होती, मजुरी होती, जात होती, जमीन होती. मला ती पाठ होती. कॉलेजात मी स्वतः दोन-चार लिहिलीही. पण त्यांत पापणी नव्हती. त्यामुळे वहिनी बोलत होत्या ते कुठे बसवायचं हे मला कळेना. मी "बघते" म्हणाले.

वहिनी स्वतः मला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी माझ्या पापणीची कातडी चिमट्यात धरली, मोजपट्टी लावली. मग खुर्चीत मागे टेकून सगळं सांगितलं. वहिनींना.

"वरची जास्तीची कातडी आणि थोडी चरबी काढायची. जागा बधिर करून. सूज, काळं-निळं होणं, ते ओसरतं. डोळे कोरडे पडू शकतात. दोन्ही डोळे अगदी सारखे होतील असं नाही. व्रण राहू शकतो. कातडी जास्त काढली गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही, मग बुबुळाला इजा होते. क्वचित आत रक्तस्राव होऊन नजरेवरही बेततं, पण ते फारच क्वचित."

मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पापणीमुळे दिसायला काही अडचण येते?"

"नाही."

"मग गरज अशी नाही. हौसेचा भाग आहे."

"आमची हौस आहे," वहिनी म्हणाल्या आणि दोघं हसले.

डोळा पूर्ण मिटत नाही. बाकीचं सगळं माझ्या कानांवरून गेलं, हे तेवढं राहिलं. कारण असा डोळा आमच्या घरात आहे. आत्याचा. तिचं तोंड एकदा वाऱ्याने वाकडं झालं, ते पुढे बरंचसं सरळ झालं, पण डावी पापणी खाली यायची ती आलीच नाही. ती झोपते तेव्हा तो डोळा उघडाच असतो. ती त्याच्यावर ओलं फडकं बांधून झोपते. तरी बुबुळावर पांढरा ठिपका पडलाच.

हे माहीत असूनही मी दुसऱ्या दिवशी काय केलं ते सांगते. दुकानातली एक पोरगी म्हणाली, "आधी पट्टी लावून बघ की, कशी दिसतीस." मी खोकी बंद करायची पारदर्शक चिकटपट्टी घेतली, दोन बारीक तुकडे कापले आणि पापण्या वर ओढून चिकटवल्या. दिवसभर तशीच उभी राहिले. वहिनी येता-जाता मान हलवत होत्या. "आता कशी जिवंत दिसतेस!"

संध्याकाळी गावाकडच्या काळीपिवळी जीपमध्ये बसले तेव्हाही पट्ट्या तशाच होत्या. पेडगावच्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं. समोर मुरमाची गाडी, उघडी खिडकी. धूळ आत आली आणि मी डोळे मिटायला गेले. मिटेनात. पापण्या अर्ध्यावर येऊन थांबायच्या. धूळ थेट आत. सोडवायला गेले तर घामाने पट्टी चिवट झालेली, कातडीच ओढली जायला लागली. मी ओंजळीत तोंड धरून घरापर्यंत आले.

आत्या अंगणात शेळीला पाला टाकत होती.

"काय झालं माय? कुनी मारलं का काय?"

मी ओंजळ काढली. तिने जवळ येऊन बघितलं. आत गेली, खोबरेल तेल आणलं आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बोटाने तेल चोळत राहिली. पट्टी हळूहळू सुटली, चार केस घेऊन सुटली.

"खोक्याची पट्टी तोंडाला लावायलीस?"

मी तिला सगळं सांगितलं. मोबाइलवर वहिनींनी पाठवलेला फोटो दाखवला. तिने तो चांगल्या डोळ्यापुढे धरला.

"ही कोन हाय?"

"मीच."

"न्हाई गं. हिला कुनीतरी भ्या दाखिवलंय." मग फोन माझ्या पोटावर ठेवला. "माझा डोळा मिटंना म्हनून मी रोज फडकं बांधायलेय. आन् तुजा मिटतोय तर ती बाई कापाय निघाली. तिला म्हनावं, ये, माझ्याजवळ झोप एक रात."

ती हसली. मला हसू आलं नाही. पण वहिनींनी हनुवटी जिथे धरली होती ती जागा मला पहिल्यांदा जाणवली. इतके दिवस जे बधिर होतं ते तिथून दुखायला लागलं.

सकाळी डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. तशीच दुकानात गेले. झरीची एक बाई लेकीसाठी शालू बघत होती, सोबत दोघी-तिघी. वहिनी आल्या. माझं तोंड बघितलं. "अगं, हे काय करून घेतलंस?" आणि सवयीने हात माझ्या हनुवटीकडे आला.

मी मनगट धरलं.

"हात लावायचा न्हाई."

काउंटरवर आम्हाला शुद्ध बोलायची ताकीद होती. मी आमच्या बोलीत बोलले, आणि मोठ्याने. शालूवरचे हात थांबले.

"गोडाउनला जा," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

"जानार न्हाई. ऑपरेशन बी करनार न्हाई. मला हितनं काढायचं तर ह्या बायांच्या म्होरं कारन सांगा. पापन्या जड हायत म्हनून काढलं, असं सांगा."

वहिनींनी आजूबाजूला बघितलं. "नंतर बोलू," म्हणाल्या. मी मनगट सोडलं. झरीची बाई माझ्याकडे बघत होती. "तो हिरवा दाव गं," ती म्हणाली. मी हिरवा उलगडला.

ते नंतरचं बोलणं अजून झालेलं नाही. होईल. मला काढतीलही, मला भ्रम नाही. पण रोज सकाळी मी पुढच्या काउंटरवर जाऊन उभी राहते. जिना चढून स्वतःहून वर जाणार नाही, आजारी पडले असं सांगून घरी बसणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी दिवसाउजेडी, गिऱ्हाइकांसमोर, कारण तोंडाने बोलून काढावं. आणि त्या दिवशी मी पत्रक छापणार आहे. त्यात पहिल्या ओळीत पापणी असेल, खाली माझं नाव असेल, आणि ते मी याच दुकानाच्या दारात, फोटोच्या वेळी जिथे उभी होते तिथेच उभी राहून वाटीन.