एक्क्याण्णव किलोचा लाइनमन

डॉक्टरांनी सहीसाठी पेन उघडलं होतं. मी म्हटलं, "सर, थांबा."

समोर सेल्वम बसला होता. पापनाशमजवळच्या गावचा लाइनमन. वजन एकशे बावीस किलोवर गेलं तेव्हा ऑफिसने त्याचं खांबावर चढणं बंद केलं. ऐप्पसीचा, म्हणजे ऑक्टोबरातला, पाऊस सुरू होण्याआधी फिटनेस सर्टिफिकेट आणलं नाही, तर कायमचा सबस्टेशनच्या गेटवर, असं इंजिनिअरने बजावलं होतं. मी तंजावूरच्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन. माझ्या डाएटवर तो आठ महिन्यांत एक्क्याण्णववर आला होता.

"राव, वजन तुम्हीच उतरवलंत आणि आता तुम्हीच अडवताय?" डॉक्टर म्हणाले.

मी ग्रिप मीटर पुढे केला. मूठ आवळली की हाताचा जोर किलोत दाखवणारं हे साधं यंत्र. सुरुवातीला सेल्वमचा आकडा बेचाळीस होता. आता सत्तावीस. हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं, तर पाचव्या खेपेला तो मांड्या धरून थांबला. वजन घटतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. पुरेसं प्रोटीन आणि जोराचा व्यायाम असेल तरच ते टिकतात. काट्याला त्यातला फरक कळत नाही.

"वर बेल्ट असतो, सार," सेल्वम म्हणाला.

"बेल्ट अडकवेपर्यंत कशाला धरता?"

डॉक्टरांनी पेन मिटलं. इंजिनिअरला मीच फोन केला. तुमचं काय जातं, असं त्याने विचारलं. वरून पडला तर तो पडेल, मी नाही, म्हणूनच अडवतोय, असं मी सांगितलं. त्याने सहा आठवडे दिले. सेल्वम माझ्याकडे न बघताच गेला.

माझा हिशोब मात्र जुळेना. घर शाकाहारी, तरी डाळ, दही, सोया धरून शीटवर रोजचं ऐंशी ग्रॅम प्रोटीन होतं. विचारलं की तो म्हणायचा, सगळं खातो. रविवारी बस धरून मी जेवणाच्या वेळी त्याच्या घरी गेलो.

त्याची बायको मल्लिका वाढत होती. तिने पळी अलगद सांबाराच्या वरच बुडवली आणि निवळ पाणी त्याच्या भातावर घातलं. मग भांडं ढवळून खालची घट्ट डाळ मुलींना वाढली. वाटीभर दह्याचंही तांब्याभर ताक करून त्याला त्यातलं पेलाभरच. सोया तर पहिल्याच आठवड्यात बंद झालेलं.

मी विचारल्यावर ती म्हणाली, "डाळ जड असते, सार. यांना बारीक व्हायचंय ना? तुमच्या शीटवर लिहिल्यात तशा पळ्या मोजून दोनच घालते."

"आठ महिने मला पाणी पाजलंस," सेल्वम म्हणाला.

"उतरलात की नाही?"

मी तिथेच बेरीज केली. जेमतेम पस्तीस ग्रॅम.

त्या दिवसापासून त्याची पळी तळातून निघू लागली. दही घट्ट, सोया परत, संध्याकाळी मूठभर डाळवं. आतापर्यंतचा व्यायाम म्हणजे कालव्याकाठी चालणं. आमच्या फिजिओने त्याला उठबशा आणि भरलेल्या बादल्या दिल्या. वजन हलेना. इंजिनिअरचे फोन येत राहिले. एकदा सेल्वमच घाबरून म्हणाला, पुन्हा पाण्यावर येऊ का? मी नको म्हटलं, पण झोप माझीही गेली होती.

सहाव्या आठवड्यात वजन तेच, एक्क्याण्णव. ग्रिप पस्तीस.

"बेचाळीस कुठे झालेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेव्हा त्या हातांना एकशे बावीस किलो वर न्यायचे होते, सर. आता एकतीस कमी."

त्यांनी मनात भागाकार केला, खुर्चीची टेस्ट स्वतः घेतली आणि सही केली. इंजिनिअरने त्याला आधी यार्डातल्या बिनविजेच्या खांबावर चढवलं. सेल्वम चढला, बेल्ट अडकवला, उतरला. पावसाच्या पहिल्या आठवड्यात तो गँगबरोबर ड्युटीवर होता.

मी आता शीटवर पळ्या लिहीत नाही. कच्ची डाळ ग्रॅममध्ये लिहितो, आणि पेशंटबरोबर घरात वाढणाऱ्या माणसालाही बोलावतो.