छत्तीस कोरी पानं

ही सृष्टी निर्माण केल्यावर देवाने ती एकदा आमच्या शेजारच्या काकांकडे तपासायला पाठवली असती, तर निम्मीअधिक परत गेली असती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. काका प्रेसमध्ये होते. नाशिक रोडला नुसतं ‘प्रेसमध्ये’ म्हटलं की पुरतं, पुढचं कोणी विचारत नाही. तिथे पासपोर्टची कोरी पुस्तकं तयार होतात आणि ती तपासण्यात काकांची तेहतीस वर्षं गेली. पान उजेडाला धरायचं, अंगठ्याने चोळायचं, शिवण बघायची आणि दोनातला एक शब्द उच्चारायचा, ‘पास’ नाहीतर ‘रिजेक्ट’. निवृत्तीनंतर पुस्तकं थांबली, शब्द काही थांबले नाहीत. लग्नपत्रिका हातात आली की आधी ती उजेडाला धरत, मुलगा कोण आणि मुलगी कोण हे नंतर. आमच्याकडच्या सत्यनारायणाला त्यांनी भर पंगतीत पापड खिडकीकडे धरला आणि “एका कडेला जाड आहे, रिजेक्ट” असं म्हणून मग तो खाऊन टाकला. कामावर रोज गेटवर झडती द्यायची सवय, त्यामुळे कोणाच्याही दारात शिरताना त्यांचे दोन्ही हात आपोआप वर जात. माझ्या जाऊबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या होत्या, त्यांना वाटलं, हे गृहस्थ शरण आले आहेत.

या ‘रिजेक्ट’चा सर्वांत मोठा वाटा अर्थातच काकूंचा. चहा फिका, रिजेक्ट. पोळीला पदर सुटला नाही, रिजेक्ट. रांगोळीची एक पाकळी लहान, रिजेक्ट. मनाने माणूस वाईट नव्हता हो! काकूंना ताप आला तर रात्रभर उशाशी बसायचे, पण सकाळी थर्मामीटरसुद्धा रिजेक्ट करायचे. काकू हसून सोडून द्यायच्या. एकदा मात्र पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या, “बाई, काही नको मला. साडी नको, दागिना नको. मरायच्या आधी एकदा यांच्या तोंडून ‘पास’ ऐकायचंय.” हसतच म्हणाल्या, पण लाटणं थांबलं होतं.

आणि गंमत पाहा, ज्याच्या हाताखालून लाखो पासपोर्ट जगभर गेले, त्या माणसाकडे स्वतःचा पासपोर्ट नव्हता. इगतपुरीच्या पुढे जायची वेळ आली की त्यांना रजा मिळत नसे, म्हणजे ते मागत नसत. पण लेक जावयाबरोबर जपानात, ओसाकाला राहायला गेली, तिला दिवस गेले आणि तिने आईबाबांना बोलावलं. मग दोघांचे पासपोर्ट पोस्टाने आले. त्या दिवशी सगळी कॉलनी काकांच्या ओट्यावर जमली होती! काकांनी दोन्ही पुस्तकांची छत्तीस छत्तीस पानं मोजली, शिवण डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचा आवाज एकदम भरून आला. “आपलाच माल! काय धागा आहे!” काकूंनी हळूच विचारलं, “अहो, माझा फोटो कसा आलाय?” काका म्हणाले, “फोटो काय बघतेस? शिवण बघ, शिवण!”

मुंबईच्या विमानतळावर झडती सुरू झाली तेव्हा काकांना माहेरी आल्यासारखं वाटलं, सांगायच्या आधीच त्यांचे हात वर. ओसाकाला उतरल्यावर तर स्वर्गच. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांचा पासपोर्ट दोन्ही हातांनी घेतला आणि दोन्ही हातांनी परत दिला. “असा धरायचा असतो!” हे वाक्य पुढे वर्षभर आम्ही रोज ऐकलं.

चौथ्या दिवशी मात्र घोळ झाला. लेक दवाखान्यात, जावई ऑफिसात, म्हणून दोघं पाय मोकळे करायला बाहेर पडली आणि चुकली. सगळ्या गल्ल्या सारख्या, भाषेचा एक शब्द कळेना. काका डगमगले नाहीत. पोलीस चौकीत गेले, हात वर केले आणि छातीवरच्या खिशातून पासपोर्ट काढून पुढे ठेवला. त्यांच्या मते पासपोर्टात माणसाचं सगळं असतं. पोलिसाने तो अदबीने वाचला. त्यात पत्ता होता, अगदी पिनकोडसकट, पण नाशिक रोडचा. काकांनी तो पुन्हा पुढे सरकवला, पोलिसाने पुन्हा अदबीने परत केला. असं चार वेळा झाल्यावर काका घामाघूम झाले. तेवढ्यात काकूंनी पर्समधून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, त्या रुमालावर ठेवल्या आणि त्या ज्यात बांधल्या होत्या ती कागदी पिशवी पोलिसापुढे धरली. लेकीच्या घराखालच्या पाववाल्याची पिशवी. सकाळीच काकांनी ती ‘छपाई हललीये’ म्हणून रिजेक्ट केली होती! पोलिसाने तिच्यावरचा पत्ता वाचला, हसला आणि दोघांना थेट दारात आणून सोडलं.

“मग दारात उभं राहून यांनी पिशवी उजेडाला धरली,” काकू मला सांगत होत्या, आणि सांगताना सोळा वर्षांच्या मुलीसारख्या लाजत होत्या. “माझ्याकडे बघून म्हणाले, पास. मी म्हटलं, कोण, पिशवी? तर म्हणाले, पिशवी रिजेक्टच आहे.”

जपानहून आलेले काका निराळेच होते. नातवाचे फोटो आणि ती पिशवी घेऊन घरोघर हिंडायचे. प्रवास, प्रवास, दुसरा विषय नाही! काकूंना घेऊन सिंगापूर झालं, श्रीलंका झाली. नेपाळ तेवढं त्यांनी रिजेक्ट केलं, कारण तिथे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. माझा मुलगा तेव्हा कॅनडात होता आणि दोन वर्षं मला बोलावत होता. मी आधी शाळेचं कारण सांगत होते, निवृत्त झाल्यावर गुडघ्यांचं. खरं कारण म्हणजे भीती. पासपोर्ट कपाटात पडून होता. तो काकांनी मागवून घेतला, उजेडाला धरला, चोळला, शिवण पाहिली.

“रिजेक्ट.”

“का हो काका? तुमच्याच प्रेसचा आहे.”

“कोरा आहे. बाई, तेहतीस वर्षं मी कोरं पान बघून खूश व्हायचो. वाटायचं, डाग नाही, माल चोख आहे. आता वाटतं, बिचारं कुठे गेलंच नाही. तुम्ही जाऊन या, मग मी पास करतो.”

मी गेले. नायगारा पाहिला, बर्फात पडले, सुनेशी भांडले आणि समेटही केला. सहा महिन्यांनी परत आले तेव्हा काका नव्हते. मुलाला फोन आला होता, पण मी परक्या देशात एकटी रडत बसेन म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

मी काकूंकडे गेले. दारात शिरताना माझेच हात वर गेले आणि मला रडू फुटलं. काकूंनी मला बसवलं, पाणी दिलं, मग म्हणाल्या, “पासपोर्ट आणलाय का?” मी दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. खिडकीपाशी जाऊन पान उजेडाला धरलं, अंगठ्याने चोळलं, शिवणीवरून बोट फिरवलं.

“शिक्का वाकडा पडलाय ना हो?”

“हो, थोडा.”

“असू दे,” काकू म्हणाल्या. “पास.”