चौथी खेप

पंचशीलेचा हात लहानपणापासून चालायचा. वेणी ओढणाऱ्या पोराचा दात तिनं पाटीनं पाडला होता. डाळीच्या गिरणीत मजुरी बुडवणाऱ्या मुकादमाच्या डोक्यात लोखंडी माप घातलं होतं. लग्नानंतर नवरा भीमराज म्हणायचा, "तुझ्याशी भांडायचं म्हंजे डोक्याला पागोटं पाहिजे."

पुढं ती टायपिंग, डिझाइन शिकली आणि कर्नाटकातल्या आळंदच्या घरातच लग्नपत्रिका करू लागली, एका पानावर मराठी, दुसऱ्यावर कानडी. कमाई बरी होती, पण कॉम्प्युटर सारखा काहीतरी मागायचा. आधी रॅम, मग हार्ड डिस्क. यंदा ऐन लग्नसराईत तिनं पत्रिकेच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली अन् मशीन अडलं. कलबुर्गीच्या शिवराजच्या दुकानातून ग्राफिक कार्ड आणलं. कार्डाला वीज पुरेना, म्हणून मोठा पॉवर सप्लाय. तो कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यात मावेना, म्हणून डबा नवा. महिन्यात तीन खेपा झाल्या, कानातली फुलं त्यातच गेली.

तिसऱ्या खेपेनंतर चारच दिवसांनी पडदा काळा पडला. तिनं डब्याला लाथ घातली, तशी अंगठ्याचं नख उलटलं. भीमराज "अगं, अगं" करत पुढं आला, तर फेकलेला माऊस त्याच्या भुवईवर बसला. रक्त बघूनही ती थांबली नाही. डबा पोत्यात घातला आणि बस गाठली.

शिवराजनं डबा उघडून मान हलवली. "अक्का, मदरबोर्डच जुना हाय. त्यो बदला. मग प्रोसेसर बी बदलावा लागंल."

"हे पहिल्याच दिवशी कामून न्हाई सांगितलास?"

"तुम्ही कुठं इचारलात?" तो हसला.

तिनं डबा डोक्यावर उचलला आणि काउंटरच्या काचेवर आदळला. काच फुटून तिच्या उजव्या तळव्यात घुसली. शिवराजनं तिचं मनगट पिरगाळलं. ती त्याला चावली, त्यानं मारलेल्या थपडेनं तिचा ओठ फाटला. मग डब्यातून निसटलेला पॉवर सप्लाय तिनं वायरींना धरून गरागरा फिरवला. तो त्याच्या कोपरावर बसला, हाड मोडल्याचा आवाज झाला.

"अव्वा गं!" करत शिवराज काचांमध्येच खाली बसला. आईला मारलेल्या त्या हाकेनं तिचा हात थांबला. ओढणी काढून तिनंच त्याचा हात गळ्यात बांधला.

दवाखान्यात दोघं एकाच रिक्षातून गेले. वाटेत तो कण्हत म्हणाला, "वरून कंपनीवाले सांगतेत ते विकायलोय अक्का. मागल्या सालचा माल माझ्याच घरात सडायलाय."

"आसंल. तरी हसायचं न्हवतं," ती म्हणाली.

पोलिसांनी दोघांचे जबाब घेतले. भुवईवर पट्टी बांधलेल्या भीमराजनं मध्ये पडून प्रकरण मिटवलं. काचेचा आणि प्लास्टरचा खर्च तिनं दिला. शिवराजनं तिची माफी मागितली नाही, तिनंही त्याची नाही.

पंचशीलेच्या उजव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. एका मास्तरांनी टाकून दिलेल्या मशीनवर जुनी आवृत्ती टाकून ती डाव्या हातानं पत्रिका लावते. इंटरनेटची वायर तिनं उपटूनच टाकली आहे. कुणी नवी डिझाइनं मागितली तर म्हणते, "हायेत ती बघा, न्हाईतर दुसरीकडं जावा." गिऱ्हाईक तिच्या हाताकडं बघतं आणि गपगुमान एखादं निवडतं.